फुकटचं कौतुक

पाण्याच्या बाटलीखालचं कार्ड ग्रंथपालबाईंनी ओढून काढलं आणि डोळ्यांपासून हातभर लांब धरून वाचलं. वर छापील इंग्रजी शब्द होता, ‘कॉम्प्लिमेंटरी’. खाली निळ्या शाईत कुणीतरी लिहिलं होतं, ‘तुमचा आवाज गोड आहे.’

तीन दिवसांच्या प्रशिक्षणासाठी त्या दुपारीच या हॉटेलात उतरल्या होत्या. खोलीत आल्यापासून कुणाशी अवाक्षर बोलल्या नव्हत्या. आंघोळ करताना दोन ओळी गुणगुणल्या असतील, तेवढंच.

त्यांनी घरी फोन लावला. यजमानांनी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेलं.

“आधी स्पेलिंग सांग. मधे आय आहे की ई?”

“आय.”

“मग दोन अर्थ. फुकट, नाहीतर स्तुतिपर. ई असतं तर पूरक. जन्म पुस्तकांत गेला तुझा, एवढंही ठाऊक नसावं?”

“अहो, इथं दोन्ही अर्थ दिसतायत.”

“दिसताहेत म्हण. आणि फुकट आहे ना? मग घे की.”

सकाळी जाग आली तेव्हा उशाशी सफरचंद होतं आणि त्याला टेकवून दुसरं कार्ड. ‘तुम्ही उजव्या कुशीवर झोपता. कपाळावरची आठी तेव्हा मिटते. फार सुंदर दिसता.’

दाराची आतली कडी रात्री लावली तशीच होती. खिडकीची काच तर उघडणारीच नव्हती. त्यांनी कपाट पाहिलं, पलंगाखाली वाकून पाहिलं. मग कार्ड घेऊन अनवाणीच खाली गेल्या.

मॅनेजरने कार्ड वाचलं आणि पालथं घातलं.

“मॅडम, आमच्याकडे पाणी तेवढं फुकट असतं. असली कार्डं आम्ही छापतच नाही.”

“मग हे आलं कुठून?”

“त्याच खोलीतून याआधी दोघीजणी अशाच खाली आल्या होत्या. आम्ही कुलूप बदललं. भिंतीसुद्धा ठोकून पाहिल्या.”

“त्या दोघींनी काय केलं?”

“एकीनं तासाभरात हॉटेल सोडलं.”

“आणि दुसरीनं?”

मॅनेजरने उगाचच पेनाचं टोपण काढून पुन्हा लावलं.

“त्या मुक्काम वाढवत राहिल्या. महिनाभर. त्यांची बॅग अजून आमच्याकडे पडून आहे.” तो घाईने पुढे म्हणाला, “तुम्हाला दुसरी खोली देतो. सामान आणायला आत्ता माणूस पाठवतो.”

बाईंनी हात पुढे केला. त्याला कळेना, तेव्हा त्यांनी स्वतःच त्याच्यापुढचं कार्ड उचललं.

“सामान राहू द्या तिथंच,” त्या म्हणाल्या.

लिफ्टमधल्या आरशासमोर त्यांनी विस्कटलेले केस दोन्ही हातांनी सारखे केले, पदर नीट घेतला. दार उघडलं, तशा त्या बाहेर पडल्या आणि कुणी वाट पाहत असावं तशा भराभर खोलीकडे चालू लागल्या.