अर्धा किलो कमी

माझ्या सासऱ्यांचे दात हरवले त्याला त्या दिवशी बरोबर अठ्ठावीस दिवस झाले होते, आणि ते माझ्याशी बोलत नव्हते त्यालाही तेवढेच.

दात म्हणजे कवळी. सासरे मिस्त्री. स्लॅबच्या दिवशी त्यांना मिक्सरच्या आवाजावर ओरडावं लागतं, आणि ओरडताना कवळी सुटून बाहेर येते. एकदा ती थेट ओल्या काँक्रीटमध्ये पडली होती. तेव्हापासून ओरडायची वेळ आली की ते कवळी काढून एका चपट्या, गोल स्टीलच्या डबीत ठेवतात. अठ्ठावीस दिवसांपूर्वी असाच एक स्लॅब ओतून घरी आले तर तोंडात दात नाहीत आणि खिशात डबी नाही. मी सकाळी त्यांच्या कपाटाची आवराआवर केली होती, बस्स, लगेच खापर माझ्या डोक्यावर. म्हणे सुनेने कचऱ्यात टाकली. अहो, दात तोंडात घालून तुम्ही कामावर गेलात ना, मग कपाटातून मी काय टाकणार? पण ऐकतो कोण. त्या दिवसापासून समोर मी बसलेली असले तरी ते सासूबाईंना म्हणायचे, तिला सांग, सूप दे. आणि मी रोज मुकाट्याने सूप द्यायची.

आता माझं काम सांगते. मी काँक्रीट तपासायच्या प्रयोगशाळेत मशीन चालवते. स्लॅब ओततात तेव्हा त्यातलंच थोडं काँक्रीट पंधरा सेंटीमीटरच्या लोखंडी साच्यात भरून ठोकळे करतात, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवतात आणि मग माझ्याकडे फोडायला आणतात. एम ट्वेंटीचं, म्हणजे नेहमीच्या स्लॅबचं काँक्रीट असेल तर मशीनचा काटा साडेचारशे किलोन्यूटनच्या पुढे जाईपर्यंत ठोकळ्याने दम धरायचा. गावात मशीन एकच आणि ते चालवणारी मीही एकच, त्यामुळे सासऱ्यांचे ठोकळे आले तरी मलाच फोडावे लागतात.

या वेळी प्रकरण चिघळलं होतं. नवीन इंजिनिअर साहेबांना सगळं वजनकाट्यावर हवं. सासऱ्यांचं माप घमेल्याचं. एक घमेलं सिमेंट, दीड वाळू, तीन खडी, आणि प्रत्येक घमेलं पट्टीने सपाट केलेलं. वाळू ओली असली की फुगते, म्हणून वर थोडी जास्त. ही थोडी म्हणजे किती, हे साहेबांनी विचारलं तेव्हा सासरे म्हणाले, बघून कळतं. साहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिन्ही ठोकळे पास झाले तर ठीक, नाहीतर स्लॅब फोडायचा आणि वरच्या मजल्यांना दुसरा मिस्त्री, असं त्यांनी सगळ्या गवंड्यांसमोर सुनावलं. चाळीस वर्षं स्लॅब ओतलेल्या माणसाला. मला सासऱ्यांचा कितीही राग असो, ते ऐकून साहेबांचा जास्त राग आला.

तर अठ्ठाविसाव्या दिवशी ठोकळे आले. सोबत साहेब आले, सासरेही आले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. फोडायच्या आधी वजन करायचं असतं. चांगल्या काँक्रीटचा एक घनमीटर साधारण चोवीसशे किलो भरतो, म्हणजे आपला ठोकळा आठ किलो शंभर ग्रॅमच्या आसपास. पहिला बरोबर. दुसरा बरोबर. तिसरा सात किलो सहाशे.

साहेबांचा चेहरा उजळला. आत पोकळी आहे म्हणाले, मसाला नीट ठासलेला नाही. सासरे भिंतीला पुटपुटले की तीन थरांत भरून प्रत्येक थर सळीने पस्तीस वेळा ठासलाय. मग जरा थांबून म्हणाले, दुसऱ्या थराच्या आधी मिक्सर अडकला म्हणून ओरडायला गेलो होतो तेवढंच.

ओरडायला.

मी कॅल्क्युलेटर ओढला. अर्धा किलो कमी. आत एखादी गोल डबी असेल, नऊ सेंटीमीटर रुंद, चार उंच, तर तेवढ्या जागेतलं काँक्रीट सहाशे दहा ग्रॅम भरलं असतं. त्यातून डबीचं आणि कवळीचं वजन वजा केलं की उरतं अर्धा किलो. मी कागद सासऱ्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो तीनदा वाचला आणि कपाळावर हात मारला. खाली चिखलात ठेवली तर कुणाचा पाय पडेल म्हणून त्यांनी डबी अर्धवट भरलेल्या साच्यात ठेवली होती, आणि परत आल्यावर त्याच तावातावात वरून दोन थर ठासले होते.

मी म्हटलं, छिन्नीने अलगद फोडू, दात वाचतील. साहेब म्हणाले, खुशाल फोडा, पण मग नमुना बाद, आणि तिन्हीशिवाय मी सही करणार नाही. डबीबिबी आपल्याला माहीत नाही. पण मशीनखाली दात चुरले तर नवी कवळी करायची, म्हणजे बाबांना आणखी महिनाभर सूप. सासऱ्यांनी ठोकळ्यावरून हात फिरवला.

"लाव मशीन, सूनबाई," ते म्हणाले.

अठ्ठावीस दिवसांनी पहिले शब्द. मी मशीन लावलं. आधीचे दोन ठोकळे सहाशेच्या पुढे गेले, त्याची कुणाला चिंताच नव्हती. तिसरा चढायला लागला. दोनशे. तीनशे. साडेतीनशेला आतून बारीक कडकड ऐकू आली आणि सासऱ्यांनी आपला गाल धरला. चारशे. चारशे तीसला कोपऱ्यातून एक कपची उडाली. काटा रेंगाळला, माझा जीव टांगणीला, आणि मग तो हळूहळू साडेचारशे ओलांडून चारशे सत्तरला पोचला, तेव्हा कुठे ठोकळा फुटला.

आतून चेपलेली डबी निघाली. वरची कवळी तीन तुकड्यांत होती. खालची मात्र शाबूत, समोरच्या साहेबांकडे बघून हसत होती. मी अहवालात शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, घनता कमी, कारण मिस्त्रींचे दात, तरीही पास. साहेब खाली सही करून निघून गेले.

"तू टाकली नव्हतीस," सासरे म्हणाले.

"नव्हती, बाबा."

मग त्यांनी खालची कवळी धुवायला माझ्याच हातात दिली.

संध्याकाळी मी सूप वाढलं. सासूबाई सवयीने माझ्यासाठीचा निरोप ऐकायला बाबांकडे वळल्या. बाबांनी एक चमचा तोंडात घातला, घोळवला आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

"सूनबाई, यात पाणी जास्त पडलंय."

एरवी मी भडकले असते. त्या दिवशी मी उठले आणि सूप आटवायला पुन्हा गॅसवर ठेवलं.