हिरव्या पेनाचा खाऊ

मी 'द' बोलतोय. इंग्रजीतला. दचकू नका, तुमची परीक्षा घ्यायला आलेलो नाही. उलट शाळेत माझ्यापायी ज्यांनी छड्या खाल्ल्या, त्यांची आधी माफी मागतो.

जन्मलो तेव्हा मी चांगला धडधाकट होतो. 'तो', 'ती', 'ते' असं बोट दाखवून बोलायचो. लोकांनी वापरून वापरून माझं पार चिपाड केलं. काम मात्र तेच राहिलं. कशाबद्दल बोलणं चाललंय हे सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक असेल, तर मला पुढे उभं करायचं. तुम्ही दुकानात पंप बघायला जाता, तेव्हा तो कुठलाही एक पंप असतो. तोच घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी बंद पडला, की बायकोला सांगताना मी लागतो, कारण कुठला पंप ते तिला चांगलंच माहीत असतं. सूर्य एकच, म्हणून त्याच्यापुढेही मी. माणसाच्या नावापुढे मात्र मला सहसा कुणी उभं करत नाही. तुमच्या भाषेचं माझ्यावाचून काही अडत नाही, म्हणून इंग्रजी लिहायला बसलात की तुम्ही एक तर मला साफ विसरता, नाहीतर मुठीमुठीने घालता.

अशा मुठीने घालणाऱ्या एका साहेबांकडे माझी चौदा वर्षं गेली. ऑफिस पंप विकणाऱ्या कंपनीचं. साहेबांचा नियम असा, की हिरवी शाई लागल्याशिवाय एकही पत्र बाहेर जायचं नाही. पत्रात काही खोडलं नाही तर आपण ते वाचलं हे लोकांना कळणार कसं, ही त्यांची खरी काळजी होती.

तिथे टायपिस्ट एकच, सगळे त्यांना बाई म्हणत. पहिल्याच महिन्यात बाईंनी पंपांच्या कारखान्याला जाणारं एक इंग्रजी पत्र अगदी बिनचूक करून नेलं. 'तपासणी होईपर्यंत पंप पाठवू नका' असं त्यात होतं. साहेबांनी पत्र उलटंसुलटं करून पाहिलं, खोडण्यासारखं काही सापडेना, म्हणून 'तपासणी होईपर्यंत' एवढंच खोडलं. मग पंप कधीच आले नाहीत. चौकशी झाली आणि खापर फुटलं टायपिंगवर.

त्या संध्याकाळी म्हाताऱ्या हेडक्लार्कनी बाईंना कपाटाआड बोलावलं.

"अगं, साहेबांच्या पेनाला काहीतरी खायला ठेवत जा. उपाशी पेन चावतं."

बाईंनी विचार केला. तारीख गाळली तर घोटाळा, आकडा गाळला तर त्याहून मोठा. मला गाळलं तर अर्थ जागच्या जागी राहतो. झालं, बळीचा बकरा ठरला. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक पत्रात मी दोन ठिकाणी मुद्दाम गैरहजर.

"बाई, इथे 'द' नको का? किती वेळा सांगायचं?"

"राहिलाच बघा, साहेब."

साहेब खूश व्हायचे. पेनाचं पोट भरायचं आणि उरलेलं पत्र सहीसलामत सुटायचं. पुन्हा म्हणून एकही पंप अडकला नाही. खरं सांगतो, पेनाखाली जायला मलाही मजा यायची. आपल्यामुळे ऑफिस चालतंय असं वाटायला लागलं की कुणीही फुगतो.

मग हेडक्लार्क निवृत्त झाले. त्यांच्या खुर्चीचा मोठा मान म्हणजे साहेबांचा नियम तिला लागू नव्हता, तिथून पत्रं स्वतःच्या सहीने जात, हिरव्या पेनाच्या वाटेला न जाता. "पुढची खुर्ची तुमचीच," असं साहेबांनी बाईंना दोनदा बोलून दाखवलं होतं. वाया गेलेल्या कागदांच्या पाठीवर बाई सहीचा सराव करायच्या. मी कागदाच्या पुढच्या बाजूला होतो, म्हणून मला माहीत.

साहेबांनी बाईंबद्दलचा अहवाल हाताने लिहिला, पाकिटात घातला, वर 'गोपनीय' लिहिलं आणि टाइप करायला पाठवला. कुणाकडे? टायपिस्ट एकच ना!

त्यात लिहिलं होतं, काम उत्तम, वेळेच्या पक्क्या, परंतु 'द' कुठे लावावा हे चौदा वर्षांत एका टायपिस्टला कळलं नाही, सबब स्वतःच्या सहीने पत्रं पाठवण्यास अपात्र. बाईंनी चष्मा काढून पुसला. पुन्हा वाचलं. मग टाइप करायला घेतलं. साहेबांनी मला स्वतःच्या नावापुढेसुद्धा उभं केलं होतं. बाईंनी तिथून मला हलवलं आणि जिथे हवा तिथे नीट बसवलं, फक्त एक जागा सोडून.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. भुकेलेल्या पेनाने मला दोन बरोबर जागांवरून उठवलं, पुन्हा साहेबांच्या नावापुढे नेऊन ठेवलं आणि खाली सही केली.

अहवाल गेला कंपनीच्या मोठ्या ऑफिसात; तिथेही एक साहेब होते आणि त्यांचं पेन तांबडं होतं. उत्तर आलं, 'सहमत. साहेबांनी स्वतः टायपिस्टला शिकवावं. खुर्ची तूर्त रिकामी ठेवावी.'

शिकवणी सुरू झाली. "सोपं आहे बाई, शंका आली की लावून टाकायचा. वजन येतं."

"साहेब, मला येतो. इतकी वर्षं मी तो मुद्दाम गाळत होते."

"मुद्दाम? ते का?"

"तुम्ही दुसरं काही खोडू नये म्हणून."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मग समजुतीने म्हणाले, "येत नाही म्हणायला लाज कसली? त्यासाठी इतकी लांबची सबब कशाला?"

त्या दिवसापासून बाईंनी खाऊ ठेवणं बंद केलं. साहेब जे लिहितात ते त्या जसंच्या तसं टाइप करतात. "वाचून बघितलंत ना?" असं विचारलं की म्हणतात, "बघितलं साहेब, अगदी तुमचंच आहे." मी रोज साहेबांच्या नावापुढे उभा राहून गावभर फिरतो. गिऱ्हाइकं हसतात. हेडक्लार्कच्या खुर्चीवर फायली साचल्यात.

मला विसरलात तरी माझी तक्रार नाही. पण माझ्या आडून कुणाला खाली बसवू नका, एवढी विनंती आहे.

राहिली ती सोडलेली जागा. 'एका टायपिस्टला', म्हणजे कुठल्याही एका, असं साहेबांनी लिहिलं होतं. ऑफिसात टायपिस्ट एकच, चौदा वर्षं समोर बसलेली, कुठली ते लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक. माझी याहून हक्काची जागा दुसरी नव्हती. बाईंनी ती तशीच ठेवली होती, साहेबांच्या पेनासाठी. पेन तिथे आलं, क्षणभर थांबलं आणि पुढे गेलं.