पाठीशी उभं राहण्याची रीत

रश्मीच्या पायाला सकाळपासून भिंगरी लागली होती. घरून समाजमंदिरात, समाजमंदिरातून हापशीवर, हापशीवरून पुन्हा समाजमंदिरात. पडदा नीट बसलाय का ते पाहून झालं, नेट चालतंय का ते पाहून झालं, मग पुन्हा पडदा. गोंदियाहून पडदा आणि स्पीकर घेऊन आलेला भैय्यालाल शेवटी कंटाळला.

"दीदी, बैठ जाओ ना एक जगह. तुमी फिरून राहिल्या अन् चक्कर मले येऊन राहिली. नेटवर्क फुल हाय, टेन्शन नका घेऊ."

टेन्शन नेटवर्कचं असतं तर काय हवं होतं! समुद्रापलीकडच्या एका विद्यापीठात, आशिया-प्रशांत मानव्यविद्या विभागात, रश्मी चार वर्षं पीएचडी करत होती. आज तिला प्रबंधाची शेवटची मांडणी करायची होती. इकडे सकाळ, तिकडे दुपार टळलेली. तिथली मंडळी आपल्या मोठ्या खोलीत पडद्यासमोर बसणार, आणि इथली, म्हणजे नव्या येनटोल्याची, समाजमंदिरातल्या सतरंजीवर. ही कल्पना रश्मीचीच होती. कुठून ही अवदसा आठवली, असं आता तिलाच वाटत होतं.

नवा येनटोला म्हणजे नवेगाव बांधच्या रस्त्यालगतची सरळ रेषेत बांधलेली वसाहत. जुना येनटोला आत जंगलात होता. रश्मी दहा वर्षांची असताना गावानं तिथून बिऱ्हाड हलवलं. सरकारनं जागा दिली, घरं दिली, आणि भांडण गावानं आपलं आपण सोबत आणलं. जायचं की नाही यावरून तेव्हा दोन तट पडले होते. ते अजून मिटले नव्हते. लग्नात एका तटाची पंगत मांडवाच्या या अंगाला, दुसऱ्याची त्या अंगाला. जेवण एकच, वाढपी एकच, पण पाठी एकमेकांकडे.

गाव जागचं हलतं तेव्हा पहिल्यांदा "चला" कोण म्हणतं, कोण मागून जातं आणि कुणाला कुणीच विचारत नाही, हा रश्मीच्या प्रबंधाचा विषय. एक गाव तिचं, जंगलातलं. दुसरं तिच्या मैत्रिणीचं, लितियाचं, प्रशांत महासागरातल्या एका बेटावरचं. तिथं समुद्र ओसरीपर्यंत आला म्हणून लोक डोंगरावर चढले होते. विभागाच्या चहाच्या खोलीत, जुन्या सोफ्यावर बसून दोघींनी हा विषय जमवला. तो सोफा भारी होता. त्यावर कुणी नागासाकीची, कुणी मनिलाचा, कुणी आणखी कुठल्या बेटावरचा. बुधवारी प्रत्येकानं घरचं काहीतरी करून आणायचं. रश्मीनं पहिल्यांदा लाखोरीच्या डाळीचे वडे नेले तेव्हा सगळ्यांनी बोटं चाटली होती. तरी तिथं असताना तिला इथलं आठवे आणि इथं आली की तिथलं. दोन्हीकडे पाहुणी होण्याची ही तऱ्हा तिला आताशा नकोशी झाली होती.

येनटोल्यात "चला" पहिल्यांदा कोण म्हणालं, हे सांगायला संशोधन करायची गरज नव्हती. गावातलं शेंबडं पोरही सांगेल. चुन्नीलाल म्हणाला. म्हणजे रश्मीचे बाबूजी.

आता विभागाच्या दोन रीती होत्या. बेटांवरून आलेल्या मंडळींनी त्या सुरू केल्या आणि बाकीच्यांनी आपल्या मानल्या. पहिली अशी, की ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्या समोर बोलायचं. दुसरी अशी, की बोलणाऱ्याचं बोलणं संपलं की त्याच्या माणसांनी उभं राहायचं आणि गाणं म्हणायचं. कुठलंही चालेल. हिच्या शब्दांमागं आम्ही आहोत, एवढंच त्यातून सांगायचं. आधी बोलणाऱ्याच्या माणसांनीच उठायचं, बाकीच्यांनी मग. लितियाच्या मांडणीला तिच्या मावश्या दवाखान्यातल्या पाळ्या बदलून आल्या होत्या. त्या उठल्या, खोली दणाणली, आणि मागच्या रांगेत रश्मी ढसाढसा रडली. आपल्याही मागं कुणी असं उभं राहावं, ही इच्छा त्या दिवसापासून तिला चिकटली. पदवीपेक्षा तिला तेच जास्त हवं होतं, हे ती कुणाला सांगत नव्हती.

आणि नेमकं तिथंच घोडं पेंड खात होतं. सकाळी तिची माय, मंजू, चुलीपुढं बसून तांदळाच्या भाकरी थापत होती. तव्याकडेच पाहत ती म्हणाली, "सारं सांगजो, पण तुह्या बाबूजीचं नाव नको घेजो."

"नाव नाही घेतलं तं सांगू काय, माय? चार वर्सं हेच करून राहिली मी."

"कायले उकरून राहिली पण? जखमेवर खपली धरली हाय."

"खपली नाही धरली. पंगती पाह्य जरा."

"मोठी शायनी झाली तू." मायनं भाकरी तव्यावर आपटलीच. "मंग ऐक. तू नाव घेतलं तं मी नाही उठणार त्या गाण्यासाठी. अन् मी नाही उठली तं आपल्याकडची एक बाई नाही उठणार."

बापाची अब्रू जपतेय, रश्मीला वाटलं. रागही आला आणि कीवही. बाबूजी दारात बैलांना वैरण टाकत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं, पण तोंडात मिठाची गुळणी धरली होती. मागं एकदा रश्मीनं त्यांच्यापुढं रेकॉर्डर ठेवला होता, तेव्हा "झालं ते झालं" म्हणून ते उठून गेले. तिनंही पुन्हा आग्रह केला नाही. घरच्यांच्या मुलाखती शक्यतो घेऊ नयेत, असं मार्गदर्शक बाई म्हणाल्या होत्या. तिनं तो सल्ला जरा जास्तच आनंदानं मानला होता.

दहा वाजायला आले तशी मंडळी जमली. कुणी काही न सांगता चुन्नीलालच्या तटाचे लोक सतरंजीच्या डाव्या अंगाला बसले, दुसरे उजव्या. मधली पट्टी मोकळी. हिवाळ्यात नाटक कंपनीत पेटी वाजवणारा ओमेश पेटी घेऊनच आला होता. गाणं आहे म्हटल्यावर पेटी हवीच, असं त्याचं म्हणणं. शेवटी देवकाबाई आली आणि सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. विरोधी तटाची ही म्हातारी. "चुन्यानं गाव बुडवला" हे वाक्य तिनं इतक्या वर्षांत इतक्यांदा म्हटलं होतं, की लहान पोरं तिची नक्कल करत. ती उजवीकडे अगदी पुढं, गुडघे पोटाशी घेऊन बसली.

पडद्यावर विभागातली मंडळी दिसायला लागली. लितियानं हात हलवला. गावातल्या बायकांनीही हात हलवले आणि पदरात तोंड लपवून हसल्या. रश्मी मराठीतूनच बोलणार होती. तिकडच्यांना भाषांतर लिहून पाठवलेलं होतं.

सुरुवात तिनं समुद्रापासून केली. लितियाचं बेट सांगून झालं. आत शिरणारा समुद्र ऐकताना बायकांनी "अगो बाई" केलं. मग येनटोला आला. नाल्याकाठची घरं आली, मोहाच्या झाडांची वाटणी आली, देवाची जागा आली, आणि मग ती बैठक आली. रश्मीनं एकदा बाबूजींकडे पाहिलं. ते खाली सतरंजीकडे पाहत होते.

"गाव सोडायचं असं पहिल्यांदा माझे वडील, चुन्नीलाल, म्हणाले," ती म्हणाली. "ज्यांना जायचं नव्हतं, त्यांचं ऐकून घ्यायला तेव्हा कुणी थांबलं नाही. माझे वडीलही थांबले नाहीत. त्यांनी असं का केलं, ते मला कुणी सांगितलं नाही. मला वाटतं, रस्ता, वीज, बाजार यांची त्यांना ओढ होती. पण ज्यांची घरं, ज्यांची झाडं तिथं राहिली, त्यांचं म्हणणं आज तरी कुणी ऐकून घ्यावं, म्हणून मी हे इथं, तुमच्यासमोर बोलले."

ती थांबली. बोलणं संपलं होतं.

कुणी उठलं नाही. ओमेशची बोटं पेटीवर तशीच राहिली. पडद्यावर सगळे अर्धवट पुढं सरकून बसले होते, कारण गावाआधी त्यांना उठता येत नव्हतं. रश्मीनं मायकडे पाहिलं. माय पायाच्या अंगठ्याकडे पाहत होती. बोलल्याप्रमाणे वागली होती बाई. चार वर्षं ज्याची वाट पाहिली, ते समोर बसलं होतं आणि उठत नव्हतं.

उजवीकडून केशोराव, देवकाबाईचा दीर, मोठ्यानं म्हणाला, "बरं झालं! आता तं पोरगीनंच सांगितलं. लायटीसाठी, बाजारासाठी गाव इकला यानं!"

मंजू ताडकन उठली. "काऊन उठवला, ते बी सांगा ना! सांगा ना, तोंड हाय तं!"

"मंजू," बाबूजी पहिल्यांदाच बोलले. "बस खाली. कबूल केलं होतं आपण."

"ते बसली तं मी सांगते," देवकाबाई म्हणाली.

देवकाबाईनं रश्मीकडे बोट केलं. "बैठक माह्या आंगनात झाली. मी याले पुसली, काऊन जाचं? तं हा म्हणे, चौथीच्या वरतं शाळा नाही इथं. म्हणे, माह्या रश्मीले मी मोळ्या वाहासाठी नाही ठेवत. मी म्हटली, एका पोरीसाठी सारा गाव उठवते का रे? तं म्हणे, हो, उठवतो. माही शिकन तं तुमच्या बी शिकतीन. लायटीचं नाव नाही, बाजाराचं नाव नाही. हेच म्हणे, अन् रडे."

रश्मीला शब्द कळत होते, पण ते आत जायला वेळ लागत होता. चौथ्या प्रकरणात तिनं स्वतः लिहिलं होतं, की स्थलांतरानंतर मुलींचं शिक्षण वाढलं. नंतर! परिणाम म्हणून! दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायला ती घरोघर हिंडली होती.

"मोठमाय," ती देवकाबाईला म्हणाली, "मी तुमच्याकडं कितीदा आली. पुसली. तुमी तं कधी बोलल्या नाही."

"कसं बोलाचं?" म्हातारी चिडलीच. "तुह्यासाठी गाव उठला, असं लेकराले कोणी सांगते का? मरेपर्यंत वाहत बसशीन तू ते ओझं. माहं भांडण तुह्या बापासंगं हाय, बाई. तुह्यासंगं कायचं? आमी गाव मिळून ठरवलं होतं, पोरीच्या कानावर जाऊ द्याचं नाही म्हणून. त्या एका गोष्टीत दोन तट नव्हते." मग दिराकडे वळून म्हणाली, "अन् तू बी होता तवा, केशो. खोटं कायले बोलून राहिला?"

केशोराव सतरंजीचा सुटलेला दोरा ओढायला लागला.

देवकाबाई जमिनीवर हात टेकून उठली. "माहा अजून बी नकारच हाय. माहं घर तिथं होतं, माहे मेलेले तिथं हायेत. चुन्यानं चुकीच केली. पण पोरगी बोलली तं चांगली." आणि घसा खाकरून तिनं रोवण्याचं गाणं उचललं, बांध्यात वाकून भातरोप लावताना बायका म्हणतात तसलं, लांब सुराचं. उजवीकडच्या बायका उठल्या. मंजू उभीच होती, तिनं ओळ पकडली, तशी डावीकडचीही सगळी उठली. ओमेशला सूर सापडेना, तरी तो वाजवत राहिला. पडद्यावर लितिया उठली, मार्गदर्शक बाई उठल्या, शब्द येत नसताना सगळे गुणगुणायला लागले.

रश्मीला हेच हवं होतं. आता मिळालं तेव्हा ते तिला सोसेना. हिचं घर गेलं, हिची मोहाची झाडं गेली, हिची सासू नव्या गावात सहा महिनेही जगली नाही. एकेकीकडे पाहताना तिला हेच आठवत होतं. बसा हो, असं ओरडावंसं वाटत होतं. पण गाणं चालू असताना बोलणाऱ्यानं उभं राहायचं असतं, म्हणून ती उभी राहिली.

गाणं संपलं. एकटे बाबूजी बसलेले होते. रश्मी त्यांच्यासमोर सतरंजीवर जाऊन बसली. हातात माइक तसाच होता. "बाबूजी," ती म्हणाली, आणि पुढचा प्रश्न तिला सुचेना. विचारायचं ते सगळं विचारून झालं होतं, फक्त इतरांना.

बाबूजींनी पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यांना गाण्याचं काही नव्हतं आणि देवकाबाईचंही काही नव्हतं, असं दिसत होतं. ते पुढं वाकले आणि हळूच विचारलं, "पास झाली का तू?"

रश्मीला हुंदका आवरला नाही. "अजून नाही, बाबूजी," ती म्हणाली. "थोडं चुकलं. पुन्हा लिहाव लागन."

"मंग लिह्य ना," बाबूजी म्हणाले. "घाई कायची हाय?"