आक्कांचा आकडा

माझ्या सासरी फळांच्या सालींचं तेल काढायचा कारखाना होता. संत्री, मोसंबी, लिंबं. रस दुसरीकडे जायचा, आमच्याकडे नुसत्या साली यायच्या, पोतीच्या पोती. तो वास कपड्यांना, उशांना, माणसांना, सगळ्यांना लागलेला असायचा. आज एवढ्या वर्षांनी कोणी शेजारी संत्रं सोललं तरी मी क्षणभर तिथे जाऊन येते. जाऊन येते म्हणजे आनंदानेच जाते असं नाही.

कारखान्याच्या मागच्या अंगाला एक बिनखिडकीची खोली होती. तिथे माझ्या थोरल्या नणंदबाई बसायच्या. सगळे त्यांना आक्का म्हणायचे, मी वन्सं म्हणायची. त्यांनी लग्न केलं नव्हतं. आई लवकर गेली तेव्हा दोघा धाकट्या भावांना त्यांनीच वाढवलं, मग रसायनशास्त्र शिकल्या, मग त्या खोलीत शिरल्या त्या शिरल्याच. घरात त्यांचं म्हणावं असं काही नव्हतं. कपाट माझ्या थोरल्या जावेचं, स्वयंपाकघर जावेचं, कारखाना थोरल्या भाऊजींचा. खोली मात्र त्यांची. त्यांच्या स्टुलावर दुसरं कोणी बसलं तर त्या उभ्या राहून अशा बघत राहायच्या, की माणूस आपोआप उठायचा.

तेल किती तापलं म्हणजे काडी न लावता, ठिणगी न पडता, आपलं आपण पेटतं, हे त्या बघायच्या, आणि मी त्यांच्या हाताखाली असायची. विजेच्या भट्टीत गोल बुडाचा काचेचा चंबू, त्याच्या तोंडावर तिरका आरसा. भट्टीचा काटा ठरलेल्या अंशावर आला की दिवा मालवायचा. डोळे अंधाराला सरावेपर्यंत गप्प बसायचं. मग मी सिरिंजने तेलाचे थेंब चंबूत सोडायचे आणि वन्सं आरशात बघायच्या. कधी भक्कन पिवळी ज्योत यायची, ती कोणालाही दिसावी. पण त्याच्या कितीतरी आधी, कमी तापलेलं असतानाच, एक मंद निळसर ज्योत येते. धुरासारखी उठते आणि जाते. खरा आकडा तिचा.

"अंधारात डोळा स्वतःचाच उजेड तयार करतो," त्या मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. "म्हणून एकदा दिसली तर बोलायचं नाही. गरम वारा फुंकून चंबू साफ करायचा, पुन्हा थेंब सोडायचे. दोनदा दिसली तर दिसली."

बाहेरचे लोक आमच्या तेलापेक्षा त्या आकड्यावर विश्वास ठेवायचे. आक्कांचा आकडा आहे ना, मग झालं.

त्या साली एक रंगवाला आला. मोठा कारखाना, मोठी मागणी. त्यांना संत्र्याचं तेल हवं होतं, पण त्यांच्या नळ्या अडीचशे अंशांपर्यंत तापायच्या. तेल त्याच्या बऱ्याच वर पेटत असेल तरच घेऊ, म्हणाला, आणि आक्का म्हणत असतील तरच. वन्संनी तपासलं आणि सांगितलं, "अडीचशेला लागतं. निळी येते."

भाऊजी म्हणाले, "आक्का, ती निळी बिळी सोड. ती काय ज्योत आहे? तिने बोटसुद्धा भाजत नाही."

"आज नाही भाजत. बंद नळीत कोंडली की मग बघ."

"तुला किती वेळा सांगितलं, माणसांसमोर मला बाळ म्हणू नकोस आणि असं शिकवू नकोस."

"बाळ म्हटलंच नाही मी आता."

"म्हणणार होतीस."

त्यावर त्या हसल्या. भाऊजी हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते थोरल्या जाऊबाईंना आणि मुकादमाला घेऊन खोलीत आले. आम्हाला पण बघू दे तुझी निळी ज्योत, म्हणाले. सिरिंज माझ्या हातातून घेतली. दिवा मालवला. बऱ्याच वेळाने भाऊजी म्हणाले, "सोडलं."

मलाही काहीतरी हलल्यासारखं वाटलं.

"आली बघ," वन्सं म्हणाल्या. "अगदी फिकी. आता पुन्हा एकदा..."

भाऊजींनी दिवा लावला. सिरिंज उजेडात धरली. ती काठोकाठ भरलेली होती.

वन्संनी सिरिंजकडे पाहिलं, मग चंबूकडे. "पुन्हा एकदा म्हणत होते मी," त्या म्हणाल्या. "दोनदा बघायचं असतं, बाळ."

"दमलीस तू," भाऊजी म्हणाले. किती मऊ आवाजात म्हणाले ते. "डोळे तपासून घेऊ. नाहीतर घरी बस आता. पुष्कळ केलंस."

मुकादम खाली बघत होता. जाऊबाईंनी तोंडावर हात धरला होता, पण खांदे हलत होते.

त्या दिवसापासून घरात खेळच सुरू झाला. जाऊबाई शेगडी पेटवण्याआधीच विचारायच्या, "आक्का, लागली का हो?" मुलं रिकाम्या पेल्यात डोकवायची आणि ओरडायची, निळी, निळी. जेवताना मीठ मागितलं तर मुलगा रिकामी वाटी पुढे करायचा, "घ्या आत्या, दिसतंय ना?" भाऊजी कधीच काही बोलत नसत. मुलांना थांबवतही नसत. माझे यजमान एकदा म्हणाले, "पुरे रे आता," तर भाऊजी ताटावरून मान न उचलता म्हणाले, "गंमत आहे, तिला चालते. चालते ना गं आक्का?"

"चालते," वन्सं म्हणाल्या.

मी पाहत होते. त्या खोलीत जायच्या, पण आरशात बघितल्यावर हात डोळ्यांवर फिरवायच्या. दोनदाऐवजी चारदा, सहादा बघायच्या, आणि तरी मला विचारायच्या, "तुला काय वाटतं?" असं त्यांनी पूर्वी कधी विचारलं नव्हतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यांत काही दोष नाही. ते घरी सांगितल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "म्हणजे डोक्यात असेल."

मग रंगवाल्याचा माणूस समोर बसून बघायला आला. खोलीत जायच्या आधी भाऊजी वन्संच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बघ हं आक्का. आज पुन्हा तसं काही झालं तर मला ही खोली बंदच करावी लागेल. तुझ्याच अब्रूसाठी." दारातून जाऊबाई म्हणाल्या, "डोळ्यांत तेल घालून बघा."

काटा अडीचशेवर होता. दिवा मालवला. मी थेंब सोडले, या वेळी खरे. थोडा वेळ काहीच नाही. मग आरशात ती उठली, निळसर, तळहाताएवढी, आणि गेली. शेजारी वन्संचा श्वास अडकलेला मी ऐकला.

"काय, आक्का?" भाऊजींनी विचारलं.

"नाही," वन्सं म्हणाल्या.

चंबूत वारा फुंकला. पुन्हा थेंब. पुन्हा तीच, तशीच.

"नाही."

"मला दिसली," मी म्हणाले. "दोन्ही वेळा."

अंधारात भाऊजी हसले. "हिलापण लागण झाली वाटतं. साहेब, घरात एक पुरे होती हो आम्हाला."

मी म्हणाले, "वन्सं, सांगा ना. तुम्ही बघितलीत."

त्या अगदी कामाच्या, सरळ आवाजात म्हणाल्या, "ती नवीन आहे. तिला भास होतात. डोळे कच्चे आहेत तिचे. पुढचा अंश घ्या."

पाहुणाही हसला. भट्टी वाढवत नेली. प्रत्येक वेळी निळी येत होती, प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठी, आणि प्रत्येक वेळी वन्सं नाही म्हणत होत्या. भाऊजींना ती दिसत होती की नव्हती, मला आजवर कळलेलं नाही. शेवटी पिवळा भडका उडाला, आरसा उजळला, सगळ्यांचे चेहरे दिसले. वन्संचा चेहरा कोरडा होता.

"आता लागली," त्या म्हणाल्या.

"याला म्हणतात ज्योत," भाऊजी म्हणाले. तोच आकडा गेला. पुढे त्या नळ्यांमध्ये काय झालं की काहीच झालं नाही, हे आमच्यापर्यंत आलं नाही. भाऊजींनी मुलांना बोलावून दम भरला, आत्याची चेष्टा केलेली चालणार नाही. शेगडीचा खेळ त्याच दिवशी थांबला. वन्संना नवं स्टूल आलं, पाठीला टेकू असलेलं.

पाहुणा गेल्यावर मी चंबू पुसत होते. म्हणाले, "वन्सं, माझे डोळे कच्चे नाहीत."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "म्हणूनच उद्यापासून तू बाटल्या धुवायला जा. इथे मला दुसरी बाई लागेल. आंधळी असली तरी चालेल."

त्या चिडलेल्या नव्हत्या. मी नीट पाहिलं, जराही नाही.

बाटल्यांची मोरी खोलीला लागूनच होती. मधली भिंत पातळ. मी गरम पाण्यात हात घालून बसायची आणि पलीकडून भट्टीचा खटका ऐकू यायचा, मग बराच वेळ शांतता. मग वन्संचा आवाज. "नाही," त्या म्हणायच्या. वारा फुंकल्याचा आवाज, पुन्हा शांतता, आणि पुन्हा, "नाही."