गाळलेली ओळ

बारावीला चांगले मार्क मिळवून ओवीने बी.ए.ला 'धर्मांचा अभ्यास' हा विषय घेतला, तेव्हा नारायण पेठेतल्या त्यांच्या इमारतीत आठवडाभर करमणुकीची सोय झाली. तळमजल्यावरच्या काकूंनी जिन्यातच गाठलं. "म्हणजे यंदा आमचा सत्यनारायण तूच सांगणार का गं?" बाबांनी, म्हणजे बँकेतल्या श्रीधररावांनी, पेपरातून डोकं न काढता विचारलं, "नोकरी कुठे मिळते याच्यावर? थेट वर?"

ओवीला ही थट्टा मनातून आवडायची. थट्टा सोसणारा माणूस आपोआप इतरांपेक्षा दोन पायऱ्या वर जाऊन बसतो, आणि तिथून सगळ्यांची संकुचित मनं कशी स्वच्छ दिसतात. आपलं मन मोठं आहे, याबद्दल तिला शंका नव्हती. ती त्याचा हिशेबही ठेवायची.

दुसऱ्या वर्षाला कल्याणी मॅडमनी जोड्या करायला सांगितलं. एकमेकींच्या घरी जायचं, तिथली उपासना पाहायची, त्यावर निबंध लिहायचा. अट एकच. निबंध कॉलेजात देण्याआधी त्याच घरी जाऊन, त्याच माणसांसमोर मोठ्याने वाचायचा. त्यांनी हरकत घेतली तर तो मजकूर काढायचा. "लोकांच्या पाठीमागे फार सुंदर लिहिता येतं," मॅडम म्हणाल्या. "तोंडावर वाचता येईल असं लिहा."

जोडी निवडायची वेळ आली तशी ओवीने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात निकिताचं नाव घेतलं. निकिता बिबवेवाडीची, बौद्ध घरातली, तीन वाक्यांचं काम एका वाक्यात उरकणारी. "चालेल," ती म्हणाली.

वर्षावासातल्या, म्हणजे बौद्धांच्या पावसाळी व्रतकाळातल्या, पौर्णिमेला ओवी त्यांच्याकडे गेली. निकिताचे आजोबा सीताराम पोस्टातून निवृत्त झालेले, आजी कांताबाई महापालिकेच्या शाळेतून. बुद्धमूर्तीसमोर मेणबत्त्या लागल्या, त्रिशरण झालं, पंचशील झालं, शेजारच्या बायका येऊन ग्रंथवाचन ऐकून गेल्या. ओवीने सगळं मन लावून पाहिलं. मग खीर आली. पहिली वाटी तिने भुकेपोटी खाल्ली. दुसरी मात्र मुद्दाम मागून घेतली आणि थेट स्वतःच्या मोठेपणाच्या खात्यात जमा केली.

घरी परतल्यावर चप्पल काढायच्या आत आईने विचारलं होतं, "घर कसं होतं गं त्यांचं? स्वच्छ होतं ना?"

"आपल्यापेक्षा!" ओवी फणकारली होती. आईला गप्प केल्याच्या आनंदातच ती लिहायला बसली.

आणि आज, रविवारी सकाळी, ती पुन्हा त्याच खोलीत त्याच खुर्चीवर बसली होती. समोर कांताबाई पदर सारखा करून, एखाद्या समारंभाला बसावं तशा बसल्या होत्या. सीतारामांनी टीव्ही बंद केला. निकिता दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"मोठ्याने वाच, बाळा," कांताबाई म्हणाल्या. "यांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं."

"सोयीपुरतं," निकिता म्हणाली.

ओवी वाचू लागली. पहिलं पान झकास गेलं. वंदनेचं वर्णन ऐकताना सीतारामांनी दोनदा मान डोलावली. वाचणाऱ्याचे डोळे जिभेच्या जरा पुढे धावतात, तसे तिचे धावले, आणि पुढची ओळ तिला दिसली.

'घर अपेक्षेपेक्षा पुष्कळच स्वच्छ व नीटनेटके होते.'

हे तिने कौतुक म्हणून लिहिलं होतं. चार वेळा तपासताना कौतुक म्हणूनच वाचलं होतं. पण या खोलीत, या दोघांसमोर, ते वाक्य उलटं होऊन तिच्याकडे पाहायला लागलं. तिने ती ओळ ओलांडली आणि मेणबत्त्यांवर उडी मारली.

"थांब," कांताबाई म्हणाल्या. "ओळ गाळलीस."

"नाही, आजी..."

"अगं, जन्म गेला माझा मुलांचं वाचन ऐकण्यात. दम घेतलास, पण वाक्य नाही आलं." त्या हसल्या. मग जरा संकोचून म्हणाल्या, "घराबद्दल होतं का काही? तू येणार म्हणून पडदे धुतले होते मी. वाच की."

खोटं बोलायला जागा होती. 'घर फार सुंदर होते' एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. ओवीने दाराकडे पाहिलं. निकिता तिच्याकडेच पाहत होती, आणि त्या पाहण्यात उत्सुकता अजिबात नव्हती. पुढे काय आहे हे ठाऊक असलेलं माणूस असं पाहतं.

ओवीने वाक्य वाचलं. आवाज इतका खाली गेला की सीतारामांनी उजवा कान पुढे केला, आणि तिला ते दुसऱ्यांदा वाचावं लागलं.

कांताबाईंनी एकदा पडद्यांकडे पाहिलं.

"अपेक्षा कुणाची गं?" त्यांनी विचारलं. रागाने नाही. वर्गात उत्तर माहीत नसलेल्या मुलीला विचारावं, तसं.

आईची, असं उत्तर ओठांवर आलंच होतं. ते खरंही होतं, निदान अर्धं. आईने दारातच विचारलं होतं ना! पण 'आपल्यापेक्षा!' असं ती फणकारली, तेव्हा घर स्वच्छ निघाल्याचं नवल वाटलं होतं ते कुणाला?

"माझी," ओवी म्हणाली. "माझीच, आजी." मग घाईने, "मी काढून टाकते. मॅडमनी सांगितलंय, तुमची हरकत असेल तर..."

"आमची हरकत नाही," सीताराम म्हणाले.

"पण आजोबा, ते चुकीचं आहे."

"घर स्वच्छ नव्हतं का?"

"होतं. पण..."

"मग राहू दे," ते म्हणाले. "खाली नाव तुझं आहे. आमचं कुठे आहे?"

कांताबाई उठून आत गेल्या. चहाचे कप वाजले. परत आल्या तेव्हा चेहरा नेहमीसारखा होता, आणि ते जास्त कठीण होतं. "घे बाळा, गार होईल," त्या म्हणाल्या. ओवीने चहा घेतला. तो कुठल्याच खात्यात जमा होण्यासारखा नव्हता. उरलेली दोन पानं तिने कशी वाचली, ते तिचं तिलाच आठवलं नाही.

निकिता स्टॉपपर्यंत सोडायला आली.

"तू वाचलं होतंस," ओवी म्हणाली. "मी फाइल पाठवली होती तेव्हाच."

"हो."

"मग सांगायचंस ना मला!"

"सांगितलं असतं तर तू खोडलं असतंस." निकिताने रस्त्याकडे पाहिलं. "मग आजीला पडदे का धुवावे लागले, ते तुला कळलंच नसतं."

बस वळणावर दिसली.

"पुढच्या रविवारी मी येते तुमच्याकडे," निकिता म्हणाली. "तुझ्या आईंना सांग, आवराआवर करत बसू नका. मी काही अपेक्षा ठेवून येत नाहीये."

ओवीने मान हलवली आणि बसमध्ये चढली. जागा पुष्कळ होती. तरी ती स्वारगेटपर्यंत उभीच राहिली.