मालेगावची मयत

वऱ्हाडात माणूस घराबाहेर पडला की त्याला पहिला प्रश्न येतो, "कुठी चालला?" आणि लगेच दुसरा, "कायले?" ज्याला थाप मारता येत नाही, त्याने घरातच बसावं. प्रसेनजितने थापेची तयारी केली होती, पण कच्ची.

प्रसेनजित धनजचा. विजेच्या खांबांवर चढणारा लाईनमन. मागच्या आठवड्यात तो पिऊन खांबावर चढला, हात सुटला आणि कमरेच्या पट्ट्याने वाचला. त्याची बायको पौर्णिमा रडली नाही की भांडली नाही. एवढंच म्हणाली, "रविवारी दारू सोडनाऱ्याइच्या सभेले जा. नाई गेला तं सोमवारी मी जाऊन तुह्या सायबाले सांगीन." पौर्णिमा बोलली की करते. नोकरी टिकवायची तर सभा गाठणं भाग होतं. जवळपासच्या गावांत त्याला चहावाल्यापासून सगळे ओळखत, म्हणून फोन करकरून त्याने लांबची, वऱ्हाडातल्याच मालेगावची सभा शोधली. स्टँडमागची शाळा, रविवारी चार वाजता.

आणि एसटी बदलायला उतरला त्या कारंज्याच्या स्टँडवर नेमके पंजाबराव भेटले. त्याच्याच वस्तीतले, वडीलधारे, आवाज असा की भोंग्याची गरज नाही. त्यांचा मुलगा विनोद कावीळ होऊन गेला, तेव्हापासून ओळखीपाळखीतली एकही मयत ते चुकवत नसत.

"कुठी चालला?"

"मालेगावले, काका."

"कायले?"

"सोबतच्या लाईनमनचे वडील वारले. भेटून येतो."

अरे, दुसरी थाप नव्हती का जगात? सोयाबीनचा भाव विचारायला चाललो म्हणायचं! पण वेळेवर अक्कल शेण खायला जाते.

"एकटाच?" पंजाबराव म्हणाले. "दुःखाच्या घरी एकट्यानं जात नसते, बाप्पा. चाल, मी बी येतो."

प्रसेनजितने नाही नाही म्हणून पाहिलं. पंजाबरावांनी एसटीत खिडकीची जागा धरली.

मालेगावात उतरल्यावर "घर कोनतं?" असं त्यांनी विचारलं. प्रसेनजित म्हणाला, विचारावं लागेल. मनात बेत असा, की कुठेतरी यांना चुकवायचं आणि शाळा गाठायची. पण पंजाबराव तोवर पानठेल्यासमोर उभे राहून गल्लीभर ऐकू जाईल असं विचारत होते, "इथं कोन वारलं हो?"

तालुक्याचं गाव. कुणी ना कुणी वारलेलं असतंच. पानवाल्याने बोट दाखवलं.

दारात मांडव, मांडवाबाहेर चपलांचा ढीग. कुणी काही विचारलं नाही. मयतीच्या घरी आलेल्या माणसाला कोण म्हणणार, तुम्ही कोण? दोघे सतरंजीवर बसले. समोर हार घातलेला फोटो होता. पंजाबरावांनी फोटोकडे पाहिलं आणि मग प्रसेनजितकडे. फोटोतला माणूस चाळिशीचाही नव्हता. लाईनमनचा बाप कुठून असणार?

मयताचा भाऊ येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, "कावीळ झाली होती. दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला." लोक मान हलवत. कोपऱ्यात मयताची बायको बसली होती. भाऊ कावीळ म्हणाला की ती दरवेळी खाली पाहायची. प्रसेनजितला तिथे पौर्णिमा बसलेली दिसली.

एरवी पंजाबराव सांत्वनाला बसले की त्यांचं बोलणं संपत नसे. आज ते चहा न घेताच उठले.

गल्लीच्या तोंडाशी ते थांबले. "हा तुह्या सोबत्याचा बाप नाई."

"नाई, काका." प्रसेनजितला आता दुसरी थाप सुचली असती, पण त्या बाईला पाहून आल्यावर त्याला ती मारवेना. "मयत खोटी होती. मी लय पेतो. दारू सोडाच्या सभेले आलो होतो."

शिव्या खायची त्याची तयारी होती. पंजाबराव म्हणाले, "तू पेतो हे साऱ्या वस्तीले माईत हाये. सोडून राह्यला हे मले आज समजलं."

मग त्यांनी मागे वळून मांडवाकडे पाहिलं. "विनोदची बी आमी कावीळच सांगतली," ते म्हणाले. "मीच सांगत होतो सगळ्याइले. दारूचं नाव नाई घेतलं."

आपण या माणसाला खोट्या मयतीला घेऊन आलो, याची प्रसेनजितला मनापासून लाज वाटली.

चार कधीच वाजून गेले होते. "आता उशीर झाला, काका," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी पाहू."

"पुढचा रविवार कोनी पाह्यला? चाल."

शाळा स्टँडच्या मागेच निघाली. एका वर्गात लहान मुलांच्या बाकांवर पाच-सहा बाप्ये गुडघे मोडून बसले होते. प्रसेनजित उंबऱ्यापाशी अडला. पाय आत पडेना. दाराशी बसलेला एकजण उठून आला. मी गोविंदसिंग, म्हणाला, आणि आळीपाळीने दोघांकडे बघत त्याने विचारलं, "तुमच्यापैकी पेनारा कोन?"

"मी," प्रसेनजित म्हणाला.

"आन् हे कोन?"

प्रसेनजितने तोंड उघडायच्या आत पंजाबरावांनीच उत्तर दिलं. त्यांचा इतका हळू आवाज प्रसेनजितने कधी ऐकला नव्हता.

"मी पोराले घिऊन आलो."

गोविंदसिंगाने बाकावरच्यांना सरकवून दोघांसाठी जागा केली.