कबरींच्या टेकाडावरचा व्हॉल्व्ह

डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पाइपलाइनने खाली येतं. नासियाया गावाच्या आधी ही पाइपलाइन एका टेकाडावर चढून उतरते. टेकाड कबरींचं. तिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी उचलत नाही. गावाने पाइप कबरींच्या कडेने नेऊ दिला. पण हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह माथ्यावर बसवायची वेळ आली, तेव्हा मुखिया अडून बसला.

"दिवसभर फुसफुसणार ते. मेलेल्यांच्या उशाशी?"

पाइपलाइन लायटन सांभाळायचा. हवा उंचावर जमते आणि पाणी अडवते, हे त्याला शिकवलेलं होतं. तरी तो "बरं, मुखिया" म्हणाला आणि व्हॉल्व्ह शंभर पावलं खाली बसवला.

"हवेला तुमच्या मुखियाचा हुकूम कळतो का?" बायकोने, एनेरेसीने विचारलं.

"गप बस. आपल्याला इथंच राहायचंय."

"राहा की. पाणी तेवढं तुम्ही आणा."

आणलं तिनेच, नदीवरून. गावातला नळ नुसता खोकायचा. पावसाळ्यात कॉलरा आला. एनेरेसी दोन दिवसांत गेली. तिला त्याच टेकाडावर पुरलं.

आठवड्याने मुखिया दारात आला. आता त्याची सूनही कॉलऱ्याने दवाखान्यात होती.

"लायटन, बसव तो माथ्यावर. पूर्वजांना मी सांगतो."

"आता चालेल फुसफुसलेलं?"

"तेव्हा तूही बरं म्हणालास की रे."

लायटन हत्यारं घेऊन टेकाडावर गेला.

कबरी खणणाऱ्यांनी त्याला कुदळ धरू दिली नाही. "इथं आम्हीच खणायचं. तू जागा दाखव."

त्याने माप घेतलं. सगळ्यात उंच जागा एनेरेसीच्या ओल्या मातीपासून आठ पावलांवर निघाली. व्हॉल्व्ह बसला, पाणी सोडलं. हवा सुसाट बाहेर पडू लागली. थोड्या वेळाने खालून, नळापासून, बायकांच्या आरोळ्या ऐकू आल्या.

"आलं रे पाणी!" खणणाऱ्यांपैकी एकजण म्हणाला. "चल, प्यायला चल."

"तुम्ही व्हा पुढे."

तो तिथेच बसला. हवा संपली तसा व्हॉल्व्ह आपोआप मिटला. पाव तासही लागला नाही. मग कसलाच आवाज नव्हता.

दिवसभर फुसफुसत नाही, हेही लायटनला पहिल्यापासून माहीत होतं. त्या दिवशी मुखियासमोर तो तेवढं एक वाक्य बोलला नव्हता.